बखर नसलेला खेळ : अमेरिका आणि सॉकर

चेंडू पायाने खेळण्याच्या ज्या खेळाला बहुतेक सारे जग फुटबॉल म्हणते, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. फुटबॉल हे नाव तिथे दुसऱ्याच खेळाला दिलेले आहे. त्या खेळात लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे असते, आणि खेळाडू डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर चिलखत चढवून एकमेकांवर तुटून पडतात. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात आम्ही जगाच्या फुटबॉलला सॉकर आणि अमेरिकनांच्या फुटबॉलला अमेरिकन फुटबॉल म्हणणार आहोत. मात्र नावांची ही अदलाबदल केवळ सोयीची बाब नाही. आमच्या विषयाचे मर्म तिच्यातच दडलेले आहे.

‘सॉकर’ हा शब्द अमेरिकनांनी घडवला असा सार्वत्रिक समज आहे, आणि त्यासाठी इंग्रज त्यांची थट्टाही करतात. वस्तुतः तो शब्द अस्सल इंग्रजी विद्यार्थ्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्दांची मोडतोड करून त्यांना लाडिक शेपूट जोडण्याची खोड होती. त्यांनी ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या ‘असोसिएशन’चे ‘सॉकर’ केले. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत इंग्लंडमध्येही हा शब्द सर्रास चालत असे. अमेरिकेत १९१३ साली या खेळाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात फक्त ‘फुटबॉल’ होते. १९४५ मध्ये त्यात ‘सॉकर’ची भर पडली आणि १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ गळून गेले. स्वतःच्या नावावरचा हक्क त्या संस्थेने असा टप्प्याटप्प्याने सोडला. ज्या खेळाला नावासाठीही माघार घ्यावी लागली, त्याची त्या देशातली कहाणी काय असेल?

प्रश्न जुना आहे. साऱ्या जगाला वेड लावणारा हा खेळ अमेरिकन क्रीडारसिकाच्या मनात घर का करू शकला नाही? त्याची ठरावीक उत्तरे आपण सर्वांनी ऐकलेली असतात. सॉकरमध्ये गोल फार थोडे होतात आणि अमेरिकनांना भरघोस गुण लागतात. सामना अनिर्णित राहतो आणि अमेरिकनांना निकाल हवा असतो. पंचेचाळीस मिनिटे खेळ थांबत नाही, मग दूरचित्रवाणीने जाहिराती दाखवायच्या कधी?

या उत्तरांत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ती फार लांबवर जात नाहीत. आइस हॉकीचे सामने दोन-एक, तीन-दोन असे सुटतात, तरी उत्तर अमेरिकेतील रसिक त्यांवर प्राण टाकतात. बेसबॉलमध्ये तर ‘परफेक्ट गेम’ ही गोलंदाजीची परमावधी मानली जाते. अशा सामन्यात प्रतिपक्षाचा एकही खेळाडू पहिल्या टप्प्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉन लार्सनने ती साधली आणि ‘काहीच न घडण्याचा’ तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. तेव्हा गुणांचा तुटवडा हे खरे कारण नव्हे. काहीही न घडताना नेमके काय घडते आहे हे ज्याला कळते, त्याला खेळ रंगतो. हे कळणे कुणाकडून तरी आलेले असते, वडिलांकडून, शेजाऱ्याकडून किंवा वर्तमानपत्राच्या रकान्यातून. नियमांच्या पुस्तकातून ते येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : खेळ मैदानावर जन्मतो, पण टिकतो तो कथनावर. त्याला बखर लागते. अमेरिकेत सॉकर खेळला गेला, चांगला खेळला गेला, प्रसंगी प्रचंड गर्दीसमोर खेळला गेला. त्याची बखर मात्र कुणी लिहिली नाही, कारण ज्यांनी तो खेळला त्यांना त्या देशाने फार काळ ‘आपले’ म्हटले नाही.

२

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत एक सामना झाला. प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि रट्गर्सने तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास या सामन्यापासून मोजण्याचा प्रघात आहे. गंमत अशी, की त्या दिवशी चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ पासून रूढ केलेल्या खेळाशीच त्या सामन्याचे नाते अधिक जवळचे होते. अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना हा असा जवळजवळ सॉकरचाच सामना होता!

१८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, रट्गर्स आणि कोलंबिया यांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी याच वळणाचे नियम मान्य केले. हार्वर्डने त्या बैठकीला येण्याचे नाकारले, कारण त्यांच्याकडे चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा असलेला स्वतःचा खेळ होता. बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधताना हार्वर्डला कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ सापडले. १८७४ च्या मे महिन्यात त्या पाहुण्यांनी रग्बी खेळून दाखवला आणि हार्वर्डचे विद्यार्थी त्यावर लुब्ध झाले. पुढच्या वर्षी येल हार्वर्डशी खेळायला तयार झाले, ते हार्वर्डच्या कलाने ठरलेल्या नियमांवर. १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बैठक झाली आणि महाविद्यालयीन फुटबॉल रग्बीच्या वाटेने गेला. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० ते १८८२ या काळात त्या रग्बीचेही रूप असे पालटले, की इंग्रजाला तो ओळखू येऊ नये.

या घटनाक्रमात अपरिहार्य असे काहीच नव्हते. हार्वर्ड त्या बैठकीला गेले असते, तर आज अमेरिकेत फुटबॉल या शब्दाचा अर्थ कदाचित वेगळा झाला असता. पण प्रतिष्ठा नावाची एक गोष्ट असते. हार्वर्ड आणि येल जे खेळतील ते इतरांनी खेळायचे, हा त्या काळचा अलिखित कायदा होता. अमेरिकेच्या वरिष्ठ वर्गाने एक खेळ निवडला, त्याला आपला शिक्का दिला, आणि त्याच क्षणी दुसरा खेळ निराधार झाला.

३

याच दशकांत बेसबॉलने आपले पुराण रचायला घेतले होते. पुराण हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. बेसबॉलचा पहिला मोठा भाष्यकार हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज. सामन्याचा गोषवारा आकड्यांच्या चौकटीत मांडण्याची ‘बॉक्स स्कोअर’ची पद्धत त्याने रुजवली, आणि न पाहिलेला सामनाही वाचता येण्याची सोय झाली. चॅडविकचे प्रामाणिक मत असे, की बेसबॉल हा इंग्लंडमधील ‘राउंडर्स’ या मुलांच्या खेळातून उत्क्रांत झाला. माजी खेळाडू आणि क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंग याला हे सहन होईना. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ परक्या पोटी कसा जन्मेल? त्याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला. मुख्यतः एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर विसंबून १९०७ च्या अखेरीस आयोगाने निर्वाळा दिला, की १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी ॲबनर डबलडे याने बेसबॉल निर्माण केला. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली आहे. तरीही १९३९ मध्ये कूपर्सटाउनलाच बेसबॉलचे कीर्तिमंदिर उभे राहिले आणि भाविक आजही तिथे जातात.

या काळात आणखी एक खेळ अमेरिकेतून हद्दपार झाला, तो आपल्या परिचयाचा आहे. १८४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा असा क्रिकेटचा सामना झाला होता. जगातील पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना म्हणून तो ओळखला जातो. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात त्या मोसमातील गोलंदाजांच्या सरासरीत अव्वल ठरला. पहिल्या महायुद्धानंतर मात्र तिथले क्रिकेट ओसरत गेले. क्रिकेट आणि सॉकर यांच्यावर एकच ठपका होता : ते इंग्रजांचे खेळ होते. नव्या राष्ट्राला नवे खेळ हवे होते, किंवा निदान नवी जन्मकथा असलेले खेळ तरी हवे होते. बास्केटबॉलचे नशीब पाहा. १८९१ मध्ये त्याच स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नाइस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने तो रचला. त्याला पूर्वेतिहासच नव्हता, आणि म्हणून त्याला परका म्हणण्याची सोयही नव्हती.

आंद्रेई मार्कोविट्स आणि स्टीव्हन हेलरमन यांनी २००१ च्या ‘ऑफसाइड’ या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला, की प्रत्येक औद्योगिक समाजात खेळांसाठी एक ‘अवकाश’ असतो आणि साधारण १८७० ते १९३० या काळात तो भरून जातो. अमेरिकेत तो बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी यांनी भरला, आणि सॉकर दाराबाहेर राहिला. अमेरिकेत समाजवाद का नाही, या वेर्नर झोम्बार्टने १९०६ मध्ये विचारलेल्या प्रश्नाशी या लेखकांनी आपला प्रश्न जोडला आहे. हा सिद्धान्त आम्हाला बव्हंशी पटतो. फक्त ‘अवकाश’ ही कल्पना थोडी यांत्रिक वाटते. रिकाम्या पेटीत वस्तू भरावी तसे खेळ समाजात भरले जात नाहीत. अवकाश व्यापते ती स्मृती, आणि स्मृती कथनातून घडते.

४

मग त्या काळात सॉकर कुठे होता? तो गिरणगावांत होता. न्यू जर्सीतील कर्नी या गावी स्कॉटिश मजूर सूत कारखान्यांत आले आणि सोबत चेंडू घेऊन आले. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर येथे लँकेशायरचे विणकर आले. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमच्या पोलाद कारखान्याने स्वतःचा संघ बांधला. सेंट लुईसमध्ये चर्चच्या आश्रयाने पोरे खेळू लागली.

वरच्या वर्गाला या खेळात काही पैसा दिसला नाही असे नाही. १८९४ मध्ये बेसबॉलच्या मालकांनी आपली रिकामी मैदाने हिवाळ्यात वापरात यावीत म्हणून सहा शहरांची व्यावसायिक सॉकर लीग काढली. ती तीन आठवडेही टिकली नाही. खऱ्या अर्थाने बहर आला तो १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमुळे. स्कॉटलंडमधील चांगले चांगले खेळाडू कारखान्यातील नोकरी आणि वर खेळाचा पगार या आमिषाने समुद्र ओलांडून येऊ लागले. फॉल रिव्हरच्या मार्क्समेन या संघाच्या मालकाने आपले मैदान गावात बांधलेच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी खेळण्यावर धार्मिक कायद्याचे निर्बंध होते, आणि गिरणी कामगाराला सुट्टी तर रविवारीच. म्हणून त्याने राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या ऱ्होड आयलंडमधील टिव्हर्टन येथे मैदान उभारले. त्या मैदानाची जागाच या खेळाची सामाजिक जागा सांगते : गावाच्या वेशीबाहेर, कायद्याच्या सीमेपलीकडे, कामगाराच्या एकुलत्या एका मोकळ्या दिवशी.

हे वैभव दशकभर टिकले. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात स्पर्धेच्या वेळापत्रकावरून भांडण जुंपले. ‘सॉकर युद्ध’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलहातून सावरण्याआधीच १९२९ ची महामंदी आली. १९३० मध्ये बेथलेहेमचा संघ मोडला. १९३१ मध्ये मार्क्समेन फॉल रिव्हर सोडून गेले. तत्पूर्वी १९२४ च्या कायद्याने युरोपातून, विशेषतः दक्षिण आणि पूर्व युरोपातून, येणाऱ्या स्थलांतरितांचा ओघ आवळला होता. ज्या झऱ्यावर हा खेळ जगत होता, तो झराच आटला.

पुढच्या चार दशकांत सॉकर उरला तो वस्ती-वस्तीच्या मंडळांत : जर्मन, इटालियन, ज्यू, ग्रीक, युक्रेनी. साठच्या दशकात राष्ट्रीय करंडक चार वेळा जिंकणाऱ्या फिलाडेल्फियाच्या संघाचे नावच ‘युक्रेनियन नॅशनल्स’ असे होते. बापाने रविवारी मायभूमीची आठवण म्हणून खेळायचे आणि मुलाने सोमवारी शाळेत बेसबॉलचा हातमोजा चढवायचा, अशी ती विभागणी होती. त्या मुलाला अमेरिकन व्हायचे होते, आणि अमेरिकन होण्याची एक सोपी खूण म्हणजे बापाचा खेळ विसरणे. स्थलांतराच्या इतिहासात भाषेचे जे होते तेच इथे खेळाचे झाले. पहिली पिढी बोलते, दुसरीला समजते, तिसरी विसरते.

५

साहित्याच्या अभ्यासकांसाठी आता आम्ही दोन दिवस शेजारी शेजारी ठेवतो. मैदान एकच आहे, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स.

पहिला दिवस १ मे १९२६. व्हिएन्नाचा हाकोआ हा ज्यू खेळाडूंचा संघ आदल्या वर्षी ऑस्ट्रियाचे विजेतेपद मिळवून अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता. त्याचा सॉकर सामना पाहायला सुमारे ४६,००० लोक लोटले. त्या संघातील अनेक खेळाडू पुढे अमेरिकेतच राहिले.

दुसरा दिवस ३ ऑक्टोबर १९५१. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने अखेरच्या डावात मारलेल्या टोल्याने ब्रुकलिन डॉजर्स हरले. प्रेक्षक होते ३४,३२०. म्हणजे पाव शतकापूर्वीच्या त्या सॉकर सामन्यापेक्षा दहा-बारा हजारांनी कमी.

पण डॉन डेलिलोची ‘अंडरवर्ल्ड’ ही १९९७ ची महाकादंबरी सुरू होते ती या दुसऱ्या दिवसापासून. तिकीट न काढता उडी मारून आत शिरलेला एक कृष्णवर्णीय मुलगा तो टोलवलेला चेंडू मिळवतो, आणि तो चेंडू हातोहाती फिरत शीतयुद्धाच्या साऱ्या काळातून प्रवास करतो. एका टोल्यात अर्धशतकाचा इतिहास पाहण्याची ही ताकद डेलिलोची खरीच, पण ती त्याच्या एकट्याची नाही. त्याच्या मागे १८८८ ची अर्नेस्ट थेयरची ‘केसी ॲट द बॅट’ ही कविता आहे, रिंग लार्डनरची १९१६ ची ‘यू नो मी अल’ आहे, बर्नार्ड मॅलमडची १९५२ ची ‘द नॅचरल’ आहे, रॉबर्ट कूव्हर आणि फिलिप रॉथ यांच्या कादंबऱ्या आहेत. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला क्यूबाचा कोळी भर समुद्रात आठवण काढतो ती जो डिमॅजिओची. १९२६ च्या ४६,००० प्रेक्षकांना असा कथाकार लाभला नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी बोलली जाणारी भाषा इंग्रजी नव्हती, हेही विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. २९ जून १९५० रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला एक-शून्य असे हरवले. खेळाच्या इतिहासातील हा एक थोर उलटफेर. अमेरिकन संघात टपाल वाटणारा होता, शाळामास्तर होता, शववाहिका चालवणारा होता. गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीचा तरुण न्यूयॉर्कमध्ये शिकत होता आणि उपाहारगृहात भांडी घासत होता. हा सामना पाहायला हजर असलेला अमेरिकन पत्रकार फक्त एक, सेंट लुईसचा डेंट मॅकस्किमिंग, आणि तोही रजा काढून स्वखर्चाने गेलेला. मायदेशी परतलेल्या संघाचे स्वागत करायला कुणी जमले नाही. गेटजेन्स पुढे हैतीला परतला. १९६४ मध्ये हुकूमशहा दुव्हालिएच्या हस्तकांनी त्याला पकडून नेले आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. या सामन्यावरचे जेफ्री डग्लस यांचे पुस्तक १९९६ मध्ये आले, चित्रपट २००५ मध्ये. स्मृतीला शेहेचाळीस वर्षे उशीर झाला. तोवर जे आठवण सांगू शकले असते त्यांतले कित्येक गेले होते, आणि ज्यांना ती ऐकायला हवी होती ती पिढी दुसऱ्याच खेळांच्या आठवणींवर वाढली होती. १९५० नंतर अमेरिकेचा संघ विश्वचषकास पुन्हा पात्र ठरला तो थेट १९९० साली.

६

या पार्श्वभूमीवर सॉकर अमेरिकेत रुजवण्याचे पुढचे प्रयत्न पाहिले, की त्यांतली विसंगती ध्यानात येते. आठवण तयार करायला वेळ लागतो आणि भांडवलाला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली ती नियमांत. १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने सामने दाखवायला घेतले, तेव्हा जाहिरातींना सवड मिळावी म्हणून आपण खोटे फाउल दिले अशी कबुली एका पंचाने दिली होती. १९६८ ते १९८४ या काळात चाललेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने ऑफसाइडची रेषा बदलली, जादा गोलांना जादा गुण दिले, आणि अनिर्णित सामना नको म्हणून पस्तीस यार्डांवरून धावत येऊन गोल मारण्याची चढाओढ आणली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसने पेले यांना आणले. १४ ऑगस्ट १९७७ रोजी जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ प्रेक्षक जमले. लोक म्हणाले, झाले, सॉकर रुजला. सात वर्षांनी लीग बुडाली. लोक पेले यांना पाहायला आले होते. पेले गेल्यावर गावातल्या संघाशी त्यांचे नाते जडावे असे काही मागे उरले नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. एकूण प्रेक्षक पस्तीस लाखांहून अधिक आले, दर सामन्याला सरासरी सुमारे ६९,०००. तरीही सुरुवातीची भीती गेली नव्हती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरने उलट मोजणारे घड्याळ आणि तीच पस्तीस यार्डांची चढाओढ पुन्हा आणली. १९९९ च्या मोसमानंतर दोन्ही सोडून दिल्या, आणि त्यानंतरच त्या लीगचा जीव हळूहळू धरू लागला, ही बाब आम्हाला अर्थपूर्ण वाटते. अमेरिकन रसिकाला न आवडणारा भाग कापून टाकला की खेळ आवडेल, हा हिशेब चुकीचा होता. कापलेला खेळ जुन्या चाहत्याला आपला वाटेना आणि नव्या प्रेक्षकाला तो तरीही परकाच राहिला.

परकेपणाचा हा आरोप किती खोलवर होता, याचे उदाहरण १९८६ मध्ये अमेरिकन संसदेत दिसले. विश्वचषकाचे यजमानपद मागण्याच्या ठरावावर बोलताना जॅक केम्प यांनी अमेरिकन फुटबॉलला लोकशाही भांडवलशाहीशी जोडले आणि सॉकरची गणना युरोपीय समाजवादी खेळात केली. केम्प हे अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू. त्यांचे बोलणे अर्धे विनोदाने होते, पण असा विनोद ज्या जमिनीवर उगवतो ती जमीन गंभीर असते.

७

इथे कुणी म्हणेल, की परका खेळ परकाच राहणार, त्यात नवल ते काय? या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेत शोधण्याआधी आपल्या मुंबईकडे पाहावे. क्रिकेट हा तर राज्यकर्त्यांचा खेळ. तो आधी पारशांनी उचलला. १८४८ मध्ये त्यांनी क्लब काढला आणि १८८६ मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. पुढे पळवणकर बाळू या चर्मकार समाजातील गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपले कर्तृत्व सिद्ध केले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, आणि रामचंद्र गुहा यांना २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या बंधूंची कहाणी सांगता आली. पुढे बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन केले आणि खेळ माजघरात पोहोचला. म्हणजे मुंबईत एका परक्या खेळाच्या मैदानावर जात, धर्म आणि वसाहत यांची आपली भांडणे खेळली गेली. खेळ आपला झाला तो असा. परकेपण खेळाच्या जन्मदाखल्यात नसते. आपल्या कथा त्यात ओतल्या गेल्या की ते विरघळते.

अमेरिकेतही याचा पुरावा आहे, आणि तो स्त्रियांनी दिला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी केली आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठी संघ उभे करावे लागले. मुलींच्या बाबतीत बेसबॉल किंवा अमेरिकन फुटबॉल यांच्या आठवणींचे ओझे नव्हते. ती पाटी कोरी होती, आणि तिच्यावर सॉकर लिहिला गेला. १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक अमेरिकन स्त्रियांनी जिंकले. १९९९ चा अंतिम सामना पाहायला पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते. ब्रँडी चॅस्टेनने मारलेली शेवटची पेनल्टी ही अमेरिकन क्रीडास्मृतीतली एक कायमची प्रतिमा झाली. नियम तेच, गोलांचा तुटवडा तोच, देशही तोच. फरक इतकाच, की इथे सांगण्यासारखी गोष्ट होती आणि ती सांगणाऱ्यांना ‘तुम्ही कोण’ असे कुणी विचारले नाही.

८

आता मूळ प्रश्नाकडेच संशयाने पाहायला हवे. सॉकर ‘अमेरिकन क्रीडारसिकाला’ जिंकू शकला नाही असे आपण म्हणतो, तेव्हा हा रसिक कोण असतो? १५ फेब्रुवारी १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये अमेरिका विरुद्ध मेक्सिको हा अंतिम सामना ९१,००० हून अधिक लोकांनी पाहिला. त्यांतले बहुसंख्य मेक्सिकोच्या बाजूने ओरडत होते आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली म्हणून पुढे बराच गदारोळ झाला. पण त्या प्रेक्षकांतले पुष्कळ जण त्याच शहरात राहणारे, कष्ट करणारे होते. आंद्रेस कँटोर या समालोचकाची ‘गोल’ या शब्दाची श्वास संपेपर्यंतची आरोळी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या घराघरांत गेली, ती स्पॅनिशमधून. फॉल रिव्हरचे विणकर, फिलाडेल्फियाचे युक्रेनी, लॉस एंजेलिसचे मेक्सिकन यांना वगळून ‘अमेरिकन रसिक’ ही व्याख्या केली, तर तो रसिक सॉकरला वश झाला नाही हे अगदी खरे. पण मग प्रश्न खेळाचा उरत नाही, व्याख्येचा होतो.

चित्र बदलते आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९६ मध्ये दहा संघांनी सुरू झालेल्या लीगमध्ये २०२५ साली तीस संघ होते. २०२३ मध्ये मेस्सी मायामीला आला. २०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद कॅनडा आणि मेक्सिकोसह अमेरिकेला २०१८ मध्येच मिळाले. प्रत्येक वेळी ‘आता सॉकर अमेरिकेत आला’ अशी द्वाही फिरते, जशी १९७५ मध्ये फिरली आणि १९९४ मध्ये फिरली. आम्हाला या द्वाहीपेक्षा एक लहान गोष्ट अधिक बोलकी वाटते. सॉकरचे कीर्तिमंदिर न्यूयॉर्क राज्यातील ओनिऑन्टा येथे, म्हणजे बेसबॉलच्या कूपर्सटाउनपासून जवळच होते. तिथे १९९९ मध्ये मोठी वास्तू उघडली आणि २०१० मध्ये ती बंद करावी लागली, कारण भेट द्यायला पुरेसे लोक येत नसत. २०१८ मध्ये ते टेक्ससमधील फ्रिस्को येथे नव्याने उघडले, तेही एका सॉकर मैदानाला लागून. पहिल्यांदा स्मृतीचे घर दुसऱ्या खेळाच्या तीर्थाजवळ बांधले होते. आता ते जिथे लोक दर आठवड्याला खेळ पाहायला येतात तिथे आहे.

अमेरिकेत सॉकर आला केव्हाच होता. त्याला आता वाचक हवे आहेत, आणि त्याहून आधी लेखक. ती बखर बहुधा दोन भाषांत लिहावी लागेल. तिच्या पहिल्या प्रकरणात पेले किंवा मेस्सी यांच्याऐवजी राज्याच्या हद्दीपलीकडे रविवारी चालत जाणारा एक विणकर असायला हवा.